भातात युरिया टाकण्याआधी खाली वाकून पाहावे

भाताच्या खताविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न असतो तो "किती?" हा. "कधी?" हा प्रश्न त्यामानाने कमी विचारला जातो आणि विचारला गेला तरी त्याचे उत्तर बहुधा दिवसांत मागितले जाते: लावणीनंतर एकविसावा दिवस, पंचेचाळिसावा दिवस. तिसरा एक प्रश्न आहे, जो माझ्या मते या दोन्हींच्या आधी यायला हवा आणि जो क्वचितच कोणी विचारतो. ज्या खाचरात आपण खत टाकणार आहोत, त्या खाचरात आज उभे कोण आहे?

हा प्रश्न मला माझ्याच एका खाचराने शिकवला. त्या हंगामात लावणी वेळेवर झाली होती, रोपे जोमदार होती आणि वहीत खताचा दुसरा हप्ता एकविसाव्या दिवशी लिहून ठेवलेला होता. निंदणी मात्र पावसामुळे पुढे गेली. वहीतला दिवस उजाडला तेव्हा मी असा विचार केला की खत उशिरा देण्यापेक्षा वेळेवर द्यावे, निंदणी काय, पुढच्या आठवड्यातही होईल. युरिया फोकून दिला. आठवडाभरात खाचर गडद हिरवे झाले आणि मला समाधान वाटले. बांधावरून दिसणारी ती हिरवाई कोणाची आहे, हे खाचरात उतरून चुडांमध्ये, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या झुपक्यांमध्ये, वाकल्यावर कळले. सावा हे गवतासारखे तण भाताच्या वर वीतभर गेले होते, त्याच्या बुडाशी फुटव्यांचा झुपका झाला होता आणि भाताची चूड मात्र तीन-चार फुटव्यांवर थांबली होती. सावा उपटायला गेलो, तर त्याच्या मुळ्यांच्या जाळ्याबरोबर शेजारची भाताची चूडही हलू लागली. ज्या दिवशी तो बोटभर होता त्या दिवशी दोन बोटांत निघाला असता, तो आता दोन्ही हातांनी ओढावा लागत होता आणि त्याला एवढे मोठे करण्याचे काम माझ्याच युरियाने केले होते.

त्यामागचे कारण वनस्पतींच्या रचनेतच आहे. सावा, ज्याला ठिकठिकाणी पाखड किंवा आणखी वेगळ्या नावांनी ओळखतात आणि ज्याची शास्त्रीय प्रजाती एकिनोक्लोआ आहे, तो सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतो. भात सी-३ पद्धतीचा आहे. भरपूर ऊन आणि उष्णता असताना सी-४ गवत तेवढ्याच नत्रात, म्हणजे युरियातून मिळणाऱ्या नायट्रोजनमध्ये, अधिक पान उभे करते. त्यातच लावणीच्या भाताला मुळे तुटल्याचा धक्का बसलेला असतो, तर खाचरातच उगवलेल्या तणाला असा कोणताही धक्का नसतो. अशा दोघांसमोर एकाच वेळी नत्र ठेवले तर ते आधी कोणाच्या वाट्याला जाईल हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

हेच नत्र निंदणीनंतर दोन दिवसांनी दिले, तर नेमके उलटे घडते. तण नसलेल्या खाचरात भात लवकर फुटतो, दोन ओळींमधली उघडी जागा पानांनी झाकली जाते, पाण्यापर्यंत ऊन पोचत नाही आणि मागाहून उगवणारे तण सावलीतच खुरटते. लावणीच्या भातात तणाची स्पर्धा सर्वांत जास्त नुकसान करते ती साधारण पंधराव्या दिवसापासून चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे पानांचे छत मिटेपर्यंत. म्हणजे वेळेवर दिलेला युरिया हे तणनियंत्रणाचेही साधन आहे आणि दोन-चार दिवसांच्या उलटापालटीने तोच युरिया तणाचे खाद्य होतो. खताचे वेळापत्रक आणि तणाचे वेळापत्रक अशा दोन वह्या ठेवणे मी तेव्हापासून बंद केले.

निंदणी वेळेवर करायची तर सावा लहानपणी ओळखता आला पाहिजे, आणि इथे अनुभवी माणसेही फसतात, कारण भाताच्या खाचरात पिढ्यान्‌पिढ्या हाताने निंदणी होत आल्याने जो सावा भातासारखा दिसतो तोच उपटला जाण्यापासून वाचत आला आहे. ओळखण्याची खूण पानाच्या रंगात किंवा उंचीत शोधू नये. रोपाचे एक पान हळूच मागे ओढावे आणि पान जिथे खोडाभोवतीच्या आवरणाला जोडलेले असते तो सांधा पाहावा. भातात त्या सांध्याशी एक पातळ, पांढरट, टोकदार पापुद्रा असतो, ज्याला जिव्हिका म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विळ्याच्या आकाराचे, बारीक केस असलेले दोन इवलेसे कान असतात. साव्याच्या सांध्यावर यातले काहीच नसते. पान सरळ आवरणातून वर निघते, सांधा गुळगुळीत आणि मोकळा दिसतो. एकदा डोळ्यांना ही सवय झाली की तीन पानांचा सावाही लपून राहत नाही. रोपवाटिकेतून रोपे उपटतानाच ही तपासणी करावी, कारण रोपांच्या जुडीतून सावा स्वतःच्या हाताने चुडीत लावला गेला, तर तो ओळीत, भाताला चिकटून वाढतो आणि कोळप्याच्या तावडीतून सुटतो. लव्हाळ्याच्या जातीतली तणे त्यामानाने सहज कळतात. त्यांचे खोड बोटांत फिरवले की तीन कडा लागतात, गवताचे खोड गोल किंवा चपटे असते.

आता युरियाकडे वळतो. युरियात ४६ टक्के नत्र असते, परंतु ते नत्र भाताच्या मुळाशी पोचेपर्यंत त्याचे काय होते हे समजून घेतल्याशिवाय वेळेचे महत्त्व पटत नाही. पाण्यात पडलेला युरिया युरिएज नावाच्या विकराच्या साहाय्याने काही दिवसांतच अमोनियममध्ये बदलतो. हे अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते आणि भाताला ते आवडीने घेता येते. ते पाण्यातच राहिले तर अडचण सुरू होते. खाचरातल्या पाण्यात शेवाळ असते. दिवसा ऊन पडले की हे शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरून टाकते आणि पाण्याचा सामू (पीएच) वाढत जातो, इतका की भर दुपारी तो ९ च्या पुढेही जातो. सामू ७ असताना पाण्यातल्या अमोनियमपैकी जेमतेम एक टक्का अमोनिया वायूच्या रूपात असते. सामू ९.२ च्या आसपास पोचला की हे प्रमाण साधारण पन्नास टक्के होते. वर वारा असेल तर तो वायू पाण्यावरून उडून जातो. रात्री सामू पुन्हा उतरतो, दुसऱ्या दुपारी पुन्हा चढतो आणि विकत आणलेले नत्र असे रोज थोडे थोडे हवेत जाते.

नुकसानीची दुसरी वाट जमिनीतून आहे. पाण्याखालच्या चिखलाचा वरचा काही मिलिमीटरचा थर प्राणवायू असलेला असतो आणि त्याखालचा सगळा थर प्राणवायूविना असतो. वरच्या थरात अमोनियमचे नायट्रेट होते, नायट्रेट मातीला धरून राहत नाही, ते पाण्याबरोबर खालच्या थरात उतरते आणि तिथले जिवाणू त्याचे नायट्रोजन वायूत आणि काही अंशी नायट्रस ऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. म्हणूनच खाचर एकदा सुकवणे, पुन्हा भरणे, पुन्हा सुकवणे, या चक्राच्या तोंडावर भरपूर युरिया देऊ नये. सुकताना नायट्रेट तयार होते आणि भरताना ते निघून जाते. या दोन्ही वाटांचा परिणाम असा की, नुसत्या फोकून दिलेल्या युरियातले बहुतेक वेळा ३० ते ४० टक्केच नत्र भात उचलतो. उरलेल्यातले काही मातीत राहते, बरेचसे हवेत आणि पाण्यात जाते.

हे ध्यानात घेतले की खत देण्याच्या दिवसाची कामे आपोआप क्रमाने लागतात. आधी पाणी उतरवावे, इतके की चिखलावर पातळ पापुद्रा उरेल. मग निंदणी करावी किंवा दोन ओळींतून फिरते कोळपे चालवावे. त्यानंतर युरिया द्यावा आणि शक्य असल्यास कोळप्याची एक फेरी पुन्हा मारून तो चिखलात मिसळावा. बांधाची तोंडे बंद ठेवावीत आणि एक-दोन दिवसांनी पाणी पुन्हा बोटभर, मग हळूहळू चार-पाच सेंटिमीटर चढवावे. पाने दवाने किंवा पावसाने ओली असताना युरिया फोकू नये, कारण दाणे पानाला चिकटतात आणि पान करपते. जोराच्या पावसाची लक्षणे दिसत असतील तर एक-दोन दिवस थांबावे, कारण बांधावरून वाहून गेलेला युरिया दुसऱ्याच्या खाचरात किंवा ओढ्यात जातो. खत चिखलात मिसळण्याची ही फेरी अनेकांना अनावश्यक श्रम वाटते. मला ती सबंध दिवसातली सर्वांत महत्त्वाची फेरी वाटते, कारण अमोनियम एकदा मातीच्या कणांना धरून बसले की दुपारच्या सामूचा त्याच्यावर अधिकार उरत नाही.

याच विचाराचे टोक म्हणजे युरियाच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या मोठ्या गोळ्या, खोल पुरणे. चार चुडांच्या मध्ये, सात ते दहा सेंटिमीटर खोल, चिखलात एक गोळी दाबायची. २० × २० सेंटिमीटर अंतराच्या लावणीत चार चुडांना एक गोळी याप्रमाणे हेक्टरी ६२,५०० गोळ्या लागतात. १.८ ग्रॅमची गोळी घेतली तर सारे मिळून ११२ किलोच्या आसपास युरिया होतो, म्हणजे जवळपास ५२ किलो नत्र. हे नत्र प्राणवायूविना थरात राहते, त्यामुळे त्याचे नायट्रेट सहजी होत नाही, पाण्यात ते फारसे येत नाही आणि शेवाळाच्या वाट्याला जात नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक लाभ असा की, पृष्ठभागावर उगवणाऱ्या कोवळ्या तणाच्या मुळांना ते सापडत नाही, भाताच्या खोल गेलेल्या मुळांना सापडते. यासाठी ओळी सरळ हव्यात, श्रम अधिक लागतात, आणि ज्या वाळूमिश्रित जमिनीतून पाणी झपाट्याने झिरपते तिथे ही पद्धत उपयोगाची नाही, कारण नत्र मुळांच्या खाली निघून जाते.

नत्र किती हप्त्यांत द्यावे याविषयी ठिकठिकाणच्या शिफारशी वेगवेगळ्या आहेत आणि त्या तशा असणे योग्यच आहे, कारण जमीन, वाण आणि पाणी वेगळे असते. मात्र पिकाचा स्वतःचा घटनाक्रम सगळीकडे सारखा आहे. लावणीनंतर पहिला आठवडा-दहा दिवस रोप नवी मुळे फोडण्यात गुंतलेले असते. त्या काळात त्याला नत्र लागते ते अगदी थोडे. लावणीच्या दिवशी निम्मा-अधिक युरिया देऊन टाकणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि ती मला अजिबात पटत नाही. रोप खायला बसण्याआधीच ताट वाढून ठेवल्यासारखे ते होते, आणि या ताटावर सर्वांत आधी येतात ते शेवाळ आणि तण. पहिल्या दोन आठवड्यांत हेक्टरी २० ते ३० किलो नत्र पुरते, जमीन चांगली असेल तर त्याहूनही कमी.

यानंतरचा हप्ता फुटवे जोरात येऊ लागले की द्यायचा, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. चुडीतले सगळे फुटवे लोंबी देत नाहीत, उशिरा आलेले फुटवे बहुधा वांझ राहतात, म्हणून हा हप्ता लांबवला तर वांझ फुटवे वाढतात आणि दाण्याला त्याचा उपयोग होत नाही. तिसरा हप्ता लोंबी पोटात धरू लागते तेव्हाचा, आणि सगळ्या हंगामातले सर्वांत मोलाचे नत्र माझ्या मते हेच. लोंबीवर किती दाण्यांच्या जागा तयार होणार हे त्याच काळात ठरत असते. शिवाय तोपर्यंत मुळांचे जाळे वरच्या थरात पसरलेले असते आणि पानांच्या छतामुळे पाण्यावर ऊन कमी पडते. शेवाळ कमी, सामू कमी, त्यामुळे दिलेल्या नत्रातला मोठा वाटा पीक भराभर उचलते.

हा क्षण तारखेवरून ओळखता येत नाही. उष्ण हवामानात लोंबी धरल्यापासून फुलोऱ्यापर्यंत साधारण ३० ते ३५ दिवस आणि फुलोऱ्यापासून कापणीपर्यंत साधारण ३० दिवस लागतात. हे दोन टप्पे बहुतेक वाणांत सारखेच असतात. वाण हळवा (लवकर येणारा) की गरवा (उशिरा येणारा) हे ठरते ते त्याआधीच्या वाढीच्या काळावर. म्हणून १२० दिवसांच्या वाणात लोंबी पेरणीपासून पंचावन्न ते साठ दिवसांच्या सुमारास धरते, तर दीडशे दिवसांच्या वाणात त्यानंतर महिनाभराने. हळव्या आणि गरव्या वाणांना एकाच दिवशी तिसरा हप्ता देणारा माणूस दोहोंपैकी एकाला तरी चुकीच्या वेळी खत देत असतो.

मी हिशेबाने येणाऱ्या दिवसाच्या आठवडाभर आधीपासून खोड चिरून पाहतो. खाचराच्या कडेची चूड घेऊ नये, कडेच्या चुडीला ऊन आणि जागा जास्त मिळते आणि ती फसवते. आत जाऊन, वेगवेगळ्या जागी, चुडीतला सर्वांत उंच मूळ फुटवा मुळासकट उपटावा, धुवावा आणि धारदार पात्याने बुडापासून वर मधोमध उभा चिरावा. आत आडव्या पडद्यांसारखी पेरे दिसतात. सर्वांत वरच्या पेराच्या लगेच वर, कोवळ्या पानांच्या गुंडाळीच्या आत, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पांढरा, टोकदार, मऊ केसाळ कोंब दिसला तर ती लोंबी आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो पानाचाच तुकडा वाटतो. बोटाच्या नखावर घेऊन उजेडाकडे धरले की त्याच्यावरची लव दिसते आणि शंका राहत नाही. दहापैकी तीन-चार खोडांत असा कोंब दिसू लागला की मी युरियाची तयारी करतो. अर्थात त्याआधी पाणी उतरवून खाचरात एक फेरी मारतोच, कारण पहिल्या निंदणीतून सुटलेला सावा या वेळेपर्यंत ओळखू येतो आणि हाताने काढण्याइतकाच उरलेला असतो.

नत्राची मात्रा अचूक करण्यासाठी पानांच्या रंगाचा तक्ता हे अतिशय साधे आणि स्वस्तात होणारे साधन आहे. १९६० मध्ये फिलिपिन्समध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्याचा मोठा प्रसार केला. फिकट पिवळसर हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत रंगांच्या पट्ट्या त्यावर असतात. लावणीनंतर दोन आठवड्यांपासून दर सात ते दहा दिवसांनी, सकाळी ठरावीक वेळी, एकाच माणसाने, खाचरातल्या दहा निरोगी चुडींचे वरून पहिले पूर्ण उलगडलेले पान तक्त्याशी जुळवावे. पान तोडू नये, स्वतःच्या सावलीत धरावे, पानाचा मधला भाग पाहावा. दहापैकी सहा किंवा अधिक पाने त्या वाणासाठी ठरवलेल्या पट्टीहून फिकट असतील तर नत्र द्यावे, नसतील तर थांबावे. थांबणे हाच या तक्त्याचा खरा उपयोग आहे. गडद हिरवे पीक पाहून आनंद होतो, परंतु जास्त नत्राने पाने मऊ होतात, करपा वाढतो, तुडतुडे येतात आणि शेवटी दाणा भरलेले पीक लोळते. एकच काळजी घ्यावी: जस्ताच्या कमतरतेनेही पाने फिकट पडतात आणि तिथे युरिया देऊन काही साधत नाही. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर तपकिरी, गंजासारखे ठिपके येऊन पीक ठिकठिकाणी खुरटलेले दिसले, तर आधी जस्ताचा विचार करावा.

स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशाबद्दल (पोटॅश) थोडक्यात. स्फुरद सगळे शेवटच्या चिखलणीतच मिसळावे. ते पाण्यावर फोकले तर शेवाळ फोफावते आणि त्या शेवाळाचे पुढे काय होते ते वर सांगितलेच आहे. पालाश दोन भागांत, चिखलणीला आणि लोंबी धरताना. भाताने उचललेला बहुतांश पालाश पेंढ्यात असतो, त्यामुळे ज्या शेतातून दरवर्षी पेंढा बाहेर जातो तिथे पालाशाकडे दुर्लक्ष करू नये. डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) वापरले असेल तर त्यातले १८ टक्के नत्र हिशेबात धरावे. ५० किलो डीएपीतून ९ किलो नत्र जाते, ते जवळपास २० किलो युरियाइतके झाले. हा हिशेब वहीत न मांडल्यामुळे पहिला हप्ता नकळत दुप्पट झालेली कितीतरी खाचरे मी पाहिली आहेत.

तणाच्या बाबतीत माझा पहिला भरवसा पाण्यावर आहे, आणि पाण्याचा भरवसा खाचराच्या सपाटीवर. पाच सेंटिमीटर पाणी सतत राहिले तर बहुतेक गवतांचे आणि लव्हाळ्यांचे बी उगवत नाही. परंतु खाचरात एक कोपरा बोटभर उंच असेल तर तिथला चिखल उघडा पडतो आणि सगळे तण त्या कोपऱ्यातून सुरू होते. लव्हाळ्याच्या काही जातींचे बी धुळीच्या कणाएवढे असते, त्याला उगवायला उजेड आणि उघडा ओला चिखल लागतो, आणि उंच कोपरा ते दोन्ही पुरवतो. सपाटीकरणावर घालवलेला एक दिवस निंदणीचे अनेक दिवस वाचवतो. पाण्याची बचत करण्यासाठी खाचर आलटून पालटून सुकवण्याची पद्धत, ज्यात छिद्रे पाडलेली नळी चिखलात रोवून पाण्याची पातळी पृष्ठभागाच्या १५ सेंटिमीटर खाली गेल्यावरच पुन्हा पाणी देतात, ती चांगलीच आहे. पण तण फार असलेल्या खाचरात ती लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरू करावी, आणि फुलोऱ्याच्या वेळी पाणी तोडू नये.

तणनाशके वापरायची तर त्यांच्या वेळेतही हीच शिस्त लागते. उगवणपूर्व तणनाशक, उदाहरणार्थ ब्युटाक्लोर किंवा प्रेटिलाक्लोर, लावणीनंतर पहिल्या तीन-चार दिवसांत द्यायचे असते, त्या वेळी पातळ पाणी हवे आणि पुढचे दोन-तीन दिवस ते खाचरातून बाहेर जाता कामा नये, कारण औषधाचा थर चिखलावर बसायचा असतो. तण दिसू लागल्यावर हे औषध देणे म्हणजे औषध वाया घालवणे. उगवणीनंतरच्या बिसपायरीबॅक सोडियमसारख्या औषधाला नेमके उलटे लागते. तण दोन ते चार पानांचे असावे, पाणी उतरवलेले असावे म्हणजे तणाची पाने उघडी पडतात, फवारणी सपाट पंख्यासारखा फवारा देणाऱ्या नोझलने करावी, आणि एक-दोन दिवसांनी पाणी परत भरावे. अशा औषधाने तण मरायला दोन आठवडे लागले तरी त्याची वाढ फार लवकर थांबते. म्हणून युरियासाठी तण पूर्ण वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. कोवळ्या गाभ्यातली पाने पिवळी पडू लागली की खत द्यायला हरकत नाही. प्रॉपानिल वापरणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. हे औषध भाताला मारत नाही, कारण भाताच्या पानांत ते फोडणारे विकर असते, पण ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशके तेच विकर बंद पाडतात. ही औषधे पाठोपाठ फवारली तर तणाबरोबर भातही करपतो. मात्रा मात्र नेहमी डब्यावरच्या लेबलाप्रमाणेच घ्यावी, आणि दरवर्षी एकाच गटाचे औषध वापरू नये, कारण त्याला न जुमानणारा सावा जगात अनेक ठिकाणी तयार झालेला आहे.

पेरीव भाताचे गणित वेगळे आणि अवघड आहे. लावणीत भात तणापेक्षा तीन-चार आठवड्यांनी मोठा असतो. पेरणीत दोघे एकाच दिवशी जन्मतात आणि सुरुवातीला वर पाणीही नसते. कोरड्या पेरणीत तण मोकळे सोडले तर निम्म्याहून अधिक उत्पन्न जाऊ शकते. पेरणीआधी जमीन ओलवून तण उगवू द्यायचे, ते उथळ वखरणीने मारायचे आणि मग जमीन फारशी न हलवता पेरायचे, हा उपाय मला कोणत्याही औषधापेक्षा महत्त्वाचा वाटतो. नत्राच्या बाबतीत पेरणीसोबत फार युरिया देऊ नये, कारण कोरड्या जमिनीत त्याचे नायट्रेट होते आणि पहिल्यांदा पाणी भरताच ते निघून जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागात कोरड्या पेरणीचा भात चार-पाच पानांवर आला की तण मारून, कोरड्या जमिनीवर युरिया देऊन लगेच पाणी भरतात. पाणी मातीत मुरताना युरियाला आपल्याबरोबर खाली नेते. ओल्या चिखलावर युरिया टाकून पाणी भरले तर हा लाभ मिळत नाही, कारण चिखल आधीच भरलेला असतो आणि युरिया वरच्या पाण्यात राहतो. तिथेही क्रम तोच आहे: आधी तण, मग नत्र, मग पाणी.

फुलोऱ्यानंतर मी खाचरात युरिया नेत नाही. तोपर्यंत दाण्यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि उशिराच्या नत्राने पीक हिरवे राहून कापणी लांबते, लोळण्याचा धोका वाढतो. त्या दिवसांत मी रिकामे पोते घेऊन जातो. निसवलेला सावा भाताच्या वर तुरे काढून उभा असतो, त्यामुळे तो आता लांबूनही दिसतो. त्याचे बी भाताच्या आधी पिकते आणि कापणीपूर्वीच चिखलात गळून पडते, एका झुडपातून हजारोंच्या संख्येने. तुरे हिरवे असतानाच विळ्याने कापून पोत्यात भरावेत, बांधावर टाकू नयेत. बांधावर टाकलेल्या तुऱ्यातले बी पहिल्या पावसाबरोबर पुन्हा खाचरात उतरते आणि पुढच्या लावणीनंतर पंधराव्या दिवशी चुडींच्या मध्ये बोटभर उंच उभे असते.